बोलायला उजेड

तुरिपाला नवऱ्याशी भांडायचं असलं की आधी दिवा लावावा लागे. दास्मुन जन्माचा बहिरा. त्याच्याशी जे काही बोलायचं ते हातांनी, आणि हात दिसायला उजेड हवा. बाकीच्या बायका अंधारात उशीला डोकं टेकून नवऱ्याला चार शब्द सुनावतात. हिला तेवढीही चैन नव्हती. दिवा गेला की बोलणं अर्ध्यात तुटे आणि उरलेला राग पोटात घेऊन उजाडेपर्यंत पडून राहावं लागे. आणि तुरिपाचा राग पोटात मावणारा नव्हता.

जावा बेटाच्या किनाऱ्यावरच्या पेकालोंगान शहराच्या उत्तरेला, जिथे भरतीचं पाणी गल्लीत शिरतं आणि लोक पलंगाखाली विटांचे थर वाढवत जातात, तिथे ती जन्मली. तिसऱ्या वर्षी तापात दोन्ही पाय गेले. तेव्हापासून चार चाकांची एक फळी आणि दोन दणकट हात यांच्यावर तिचा सगळा कारभार. सात वर्षांची असताना गल्लीतल्या गुफ्रोनने तिची फळी ओढून गटारात फेकली. तिने त्याची तंगडी धरून त्याला आडवा पाडला, छातीवर चढून बसली आणि हातात आलेल्या दगडाने त्याचे पुढचे दोन दात पाडले. मोठ्या माणसांनी येऊन तिला उपटून काढलं तेव्हा पोरीच्या अंगावर रक्त होतं आणि ती हसत होती. गुफ्रोन पुढे खलाशी झाला, त्याच गल्लीत समोरच्या घरात संसार थाटला, पण ते दोन दात काही परत आले नाहीत.

दास्मुन तिला भेटला तोही मारामारीतच. मासळीबाजारात तो शहाळ्यांची गाडी लावी. एक दिवस बाजारच्या पहारेकऱ्यांनी गाडी हटवायला मागून हाका मारल्या. एकदा, दोनदा, तीनदा. हा आपला शहाळं सोलतोय. माजलाय असं समजून तिघांनी दांड्यांनी त्याला बडवायला सुरुवात केली. तो खाली पडला तरी मारणं थांबेना. बाजारभर लोक बघत उभे. तुरिपा कांदे घ्यायला आली होती, ती फळी रेटत गर्दीत घुसली आणि ओरडली, "बहिरा आहे रे तो, मुडद्यांनो! ऐकू येत नाही त्याला!" कुणी थांबेना तेव्हा तिने पिशवीतले कांदे एकेक करून पहारेकऱ्यांच्या तोंडावर हाणले. दोघांनाही चौकीत नेलं. तिथे बाकावर बसून दास्मुनने सुजलेल्या डोळ्यातून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग हाताने विचारलं की इतक्या कांद्यांचं काय करणार होतीस. तीन महिन्यांनी लग्न झालं. हसणारे हसले. एकाला पाय आहेत, एकीला कान आहेत, मिळून एक माणूस होईल, असं गुफ्रोन म्हणाला, आणि तुरिपाने त्याला उरलेल्या दातांची आठवण करून दिली.

मिळून एक माणूस होण्यासाठी वीज लागते, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. तुरिपा घरी बसून बायकांचे सैल झगे शिवायची. सगळी गल्ली तेच करते. पण बाकीच्या जणी पायाने यंत्र चालवतात, हिला मोटर लागे. बाकीच्या विहिरीतून बादली ओढतात, हिला पंप लागे. बाकीच्या घरांतले दिवे माणसं झोपली की विझतात, यांच्या घरात बोलणं चालू असेपर्यंत दिवा. एका खिडकीचं घर. ढगाळ दिवसात दुपारीही दिवा लावल्याशिवाय तिला 'मीठ दे' म्हणता यायचं नाही. गरिबांसाठी सरकारची विजेवर सवलत होती, म्हणून निभत होतं.

मग याद्या नव्याने करायच्या ठरल्या आणि घरोघर पाहणी सुरू झाली. सरकारी माणूस येणार म्हटल्यावर तुरिपाने जे केलं ते त्या गल्लीत कुणीही केलं असतं. पाहुण्यापुढे उघडं पडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. भुकेने मरत असलो तरी पाहुण्याला चहा गोडच मिळतो. तिने समोरच्या मुस्लिखाकडून, म्हणजे गुफ्रोनच्या बायकोकडून, काचेचे पेले आणले, गालिचा आणला, आणि उकाड्याने पाहुणीचा जीव जाऊ नये म्हणून टेबलावरचा पंखाही आणला.

पाहुणी म्हणजे हातात पाटीएवढा फोन घेतलेली विशीतली मुलगी. ती पंख्यासमोर बसली, चहा प्याली आणि अदबीने 'बू', म्हणजे बाई, म्हणत विचारू लागली.

"बू, पंखा तुमचाच?"

उसना आहे म्हणायचं तर चहाचा घोटही कडू झाला असता. "आमचाच," तुरिपा म्हणाली. दारात बसलेल्या मुस्लिखाने तोंडावर ओढणी धरली.

"शिवणयंत्राला मोटर आहे?"

"मग काय पायांनी चालवू? पाय दाखवू का तुला?"

"पाण्याला पंप?"

"रोज बादली ओढायला तू येणार असलीस तर काढून टाकते."

"दिवा आत्ता का चालू आहे? दिवस आहे की."

"माझा नवरा बहिरा आहे, मुली. दिवा नसला तर मी बोलू कशी त्याच्याशी?"

मुलगी थोडी ओशाळली. बोट वर-खाली फिरवून म्हणाली, "बू, त्याला इथे रकाना नाही. बरं, तुम्हाला काम करता येतं का?"

इथे तुरिपाची मान ताठ झाली. "या गल्लीत माझ्याइतकं काम करणारी एक दाखव. आम्ही दोघं कुणाच्या घासाचे मिंधे नाही."

झालं. कमावते दोन, मोटर एक, पंप एक, पंखा एक. पुढच्या महिन्यात सवलत गेली आणि विजेचा दर दुपटीच्या वर गेला. तुरिपा कचेरीत तीन वेळा फळी घासत गेली. पंखा माझा नव्हता म्हणून सांगितलं. कारकून म्हणाला, मग खोटं का सांगितलंत? अडली की ती शिव्या द्यायची. तिथेही दिल्या. पुढची यादी पुढच्या वर्षी, असं ऐकून परत आली.

आमच्याकडे विजेचे पैसे आधी भरायचे. दुकानातून वीस आकड्यांची चिठ्ठी आणायची, ते आकडे मीटरच्या बटणांवर दाबायचे, तेवढी वीज मिळते. संपत आली की मीटर टिट्-टिट् ओरडायला लागतं आणि भरेपर्यंत थांबत नाही. भरतीच्या पाण्यापासून वाचावं म्हणून कंपनीने मीटर बाहेरच्या भिंतीवर पुरुषभर उंच टांगलेलं. ज्याचा हात तिथे पोचे त्याला ते ऐकू येत नव्हतं, आणि जिला ऐकू येई तिचा हात पोचत नव्हता. खाली घ्या म्हणून तिने अर्ज केला होता. नियमात बसत नाही असं उत्तर आलं. एकदा तिने बांबूच्या टोकाने वीस आकडे दाबून पाहिले. सतराव्याला चुकली आणि बांबूच मोडून टाकला. म्हणून दास्मुन संध्याकाळी दिवसाच्या कमाईतून चिठ्ठी घेऊन येईपर्यंत मीटर ओरडत राही. पूर्वी महिन्यातून दोनदा ओरडे, आता आठवड्यातून दोनदा ओरडू लागलं. दोघांनी दिवा कमी केला. सांजेच्या मगरिबच्या बांगेनंतर एक तास, बस. दिवसभराचं सगळं बोलणं त्या तासात उरकायचं. त्यात भांडणाला वेळच उरेना, आणि तुरिपा वाळत चालली.

गुफ्रोन अकरा दिवस समुद्रावर राहून पहाटे परतला होता त्या दिवशी दुपारी मीटर ओरडायला लागलं. भरतीचं पाणी गल्लीत घोट्याएवढं चढलं होतं. तुरिपाला झगे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. ती यंत्रावर वाकलेली.

समोरून गुफ्रोनचा आवाज आला, रागातही 'यू', म्हणजे ताई, म्हणूनच, "यू तुरिपा! बंद कर ते!"

"मी काय जिराफ आहे का? ये, तूच दाब. बटण दाबलं की घटकाभर गप्प बसतं."

तो आला, दाबलं, गेला. घटकाभराने पुन्हा टिट्-टिट्. पुन्हा आला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो आला तेव्हा हातात होडीवरची बर्फ फोडायची पहार होती आणि डोळे लालभडक.

"नवऱ्याला सांग ना तुझ्या, भरायला!"

"सांगते हं. तो बाजारात आहे, मी इथून हात हलवते, दिसतील त्याला." तुरिपा फळी रेटत दारात आली. "आणि ओरडतोस कुणावर? तुझ्या बायकोच्या पंख्याने माझी सवलत खाल्ली, तेव्हा कुठे होतास रे बोळक्या?"

"अकरा दिवस इंजिन डोक्यात घणघणतंय माझ्या! अकरा दिवस! घरी येऊन दोन तास डोळा लागू नये?"

"मग कानात बोळे घाल. दातांच्या भोकातही घाल."

त्याने पहार उचलली. ती पायरीवरून पाण्यात उतरली, त्याच्या पायाला मिठी मारली आणि पोटरीत दात रुतवले. तो किंचाळला. दुसऱ्या पायाने त्याने तिला लाथाडलं, एकदा छातीत, एकदा तोंडावर. तिचं नाक फुटलं, फळी सुटून वाहत गेली, ती त्या घाण पाण्यात पालथी पडली. आणि मग त्याने दोन्ही हातांनी पहार मीटरवर घातली. एक घाव, दुसरा, तिसरा. खोकं चिरलं, ठिणग्या उडाल्या, शिशाचं सील तुटून पाण्यात पडलं. घरातली मोटर बंद झाली. मीटरही अखेर गप्प झालं. गुफ्रोन स्वतःच्या हातातल्या पहारीकडे बघत उभा राहिला आणि मग रडायलाच लागला. इतका मोठा माणूस, रडत होता. तुरिपाला त्याची कीव आली नाही. मला आली असती की नाही, सांगता येत नाही.

गल्लीचे प्रमुख पाक साक्रुन लुंगी गुडघ्यापर्यंत धरून पाण्यातून आले. त्यांनी तुटलेलं सील उचललं आणि मान हलवली. "सील तुटलं म्हणजे कायद्याने वीजचोरी. मीटर ज्याच्या नावावर, चोर तो. दास्मुनच्या नावावर आहे हे."

"आणि फोडलं ज्याने?" तुरिपाने रक्त थुंकून विचारलं.

पाक साक्रुननी गुफ्रोनला बाजूला घेऊन बरंच काही सांगितलं. मग तिच्याजवळ येऊन वाकले. "तो कचेरीत कबूल व्हायला तयार आहे. नमाज झाली की त्याला घेऊन येतो तुझ्याकडे, माफी मागायला. तेवढं दास्मुनला शांत ठेव, यू. त्याच्या हातात कोयता असतो."

"ठेवीन," तुरिपा म्हणाली.

वाहत गेलेली फळी कुणीतरी पायरीशी आणून ठेवली. तिने कपडे बदलले, नाक धुतलं आणि वाट बघत बसली. घरात मेणबत्तीचा तुकडा होता, पण काडेपेटी कमरेला खोचलेली, पाण्यात भिजून लगदा झालेली. फोनने सकाळीच मान टाकली होती. हाक मारून काडेपेटी मागावी, तर हाकेच्या टप्प्यात समोर मुस्लिखाचंच घर, आणि तिच्याकडून आता उसनं काही आणायचं नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. दास्मुन लवकर आला की आटपेल, असं तिला वाटलं. पण भरतीने रस्ता बुडाला होता. तो आला तेव्हा बांग होऊन गेली होती आणि खिडकीत राखाडी पट्टाभर उजेड उरला होता.

त्याने फुटलेलं मीटर पाहिलं. आत येऊन तिचं सुजलेलं तोंड पाहिलं. काय? त्याचा हात हवेत उठला. कोण?

तुरिपाने दोन बोटं पुढच्या दातांवर ठेवली. त्यांच्या भाषेत गुफ्रोनचं नाव तेच होतं. मग मूठ. मग भिंतीकडे बोट. दास्मुनने खांद्यावरच्या पोत्यातून कोयता काढला.

नाही! तिने त्याची लुंगी धरून ओढलं, त्याला खिडकीजवळ खाली बसवलं आणि भराभरा हात चालवू लागली. थांब. ऐक. दोन बोटं दातांवर. येणार आहे. इथे. आज. आत्ता. आणि हात छातीवर ठेवून, मान झुकवून 'माफी मागायला' म्हणायला तिने सुरुवात केली, तेव्हा खिडकीतला पट्टा विझला. शहाण्या माणसाने आधी माफी सांगावी आणि मग नाव. रागात शहाणपण कुणाला सुचतं? दास्मुनला गुफ्रोन येणार एवढंच दिसलं.

तिने त्याच्या तळहातावर बोटाने काही काढायचा प्रयत्न केला. त्याने हात झटकला. तो उठून दाराकडे तोंड करून उभा राहिला. कोयत्याचं पातं त्याच्या लुंगीला घासल्याचं तिने ऐकलं. ती त्याच्या पोटरीवर मुठी मारू लागली. त्याला वाटलं, बायको घाबरली आहे.

बाहेर पाण्यात पावलं वाजली. "अस्सलामु अलैकुम, यू तुरिपा," पाक साक्रुनचा आवाज. "आलोय आम्ही." आणि मागून गुफ्रोनचा, लहान पोरासारखा पडेल: "यू, चुकलं माझं."

"आत येऊ नका!" तुरिपा जिवाच्या आकांताने ओरडली. "थांबा बाहेर! त्याला माहीत नाही! त्याला सांगता आलं नाही मला!"

पण तिच्या किंकाळीने ते घाबरले. आत काहीतरी भलतंच चाललंय असं वाटून पाक साक्रुननी दाराला खांदा लावला. फळ्यांची भिंत हादरली, आणि ते हादरणं दास्मुनच्या तळपायांपर्यंत पोचलं. दार उघडलं. पाक साक्रुनच्या हातात दिवा होता, दिवसभरातला त्या घरात आलेला पहिला दिवा, आणि तो पडला थेट दास्मुनच्या डोळ्यांत. त्याला दोन काळी माणसं दिसली, बाकी नुसता झगझगाट. त्याने कोयता उचलला. तुरिपा त्याच्या कमरेला धरून वर चढली, कशी चढली तिचं तिलाच ठाऊक, आणि त्याचं मनगट धरायला तिने उजवा हात उंच केला. शहाळ्याचं डोकं एका घावात उडवणारा हात तो. मधे काय आलं ते त्याला घाव बसेपर्यंत कळलं नाही.

मग दिवा खाली वळला.

अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं गेली. दवाखान्यात तिने सांगितलं, शहाळं फोडताना लागलं. पोलीस आले, त्यांनाही तेच. पाक साक्रुननी तेच सांगितलं, गुफ्रोननेही. गल्लीत एरवी कुणाचं कुणाशी पटत नाही, पण त्या एका खोट्यावर सगळे एकत्र उभे राहिले. गुफ्रोनने कचेरीत जाऊन मीटर आपण फोडल्याचं लिहून दिलं आणि दंड भरायला होडीवरचा आपला वाटा विकला.

बातमी मात्र कुठूनतरी फुटली. मग आले सगळे. गाड्या आल्या, साहेब आले, फोटो निघाले. तीच मुलगी पुन्हा आली. या वेळी पंखा नव्हता, चहाही नव्हता. तिने तुरिपाच्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं आणि काही न विचारता बोट फिरवत राहिली.

"काय लिहिलंस, मुली?"

"तीव्र अपंगत्व, बू. काम करता येत नाही. सवलत परत मिळेल. पूर्ण."

"म्हणजे पायांना तुमच्याकडे भाव नव्हता. बोटांना आहे."

मुलगी रडायला लागली. तुरिपाने तिला उगी केलं नाही, आणि शिवीही दिली नाही.

आठवड्याभरात मीटर खाली आलं, फळीवर बसलेल्या बाईच्या छातीएवढं. आत भिंतीवर एक लाल दिवा बसवला. मीटर ओरडलं की तो लुकलुके, म्हणजे बहिऱ्यालाही कळावं. दोन माणसं, अर्धा दिवस, एक शिडी. एवढंच काम होतं ते. हे करता येतं हे कुणालातरी इतकी वर्षं माहीत होतं, या विचाराने तुरिपाचं डोकं तडकायचं. आता रात्रभर दिवा जळला तरी चालणार होतं. हवं तेवढं बोला.

पण दास्मुन बोलेना. दिवसा तो गाडीवर असे. तिचं न्हाणं-धुणं, जेवण, पट्टी बदलणं, सगळं मान खाली घालून करी. संध्याकाळी घरी आला, भात झाला, की तुळईला टांगलेला दिवा फिरवून काढी आणि कनातीमागे उंच फळीवर ठेवून देई. तिचा हात तिथे पोचणार नव्हता. मग अंधारात भिंतीकडे तोंड करून पडे. पहिल्या दिवशी तिला वाटलं, थकला असेल. चौथ्या दिवशी कळलं. त्याला तिचा हात बघायचा नव्हता. आणि हात बघायचा नाही म्हणजे तिचं ऐकायचंच नाही.

त्या रात्री ती फळी रेटत त्याच्याजवळ गेली. त्याच्या पाठीवर डाव्या हाताने थापा मारल्या. तो आणखी आक्रसला. तिने त्याचा खांदा ओढला, केस ओढले, शेवटी कानशिलात भडकावली. त्याने मार खाल्ला, पण तोंड वळवलं नाही, डोळे उघडले नाहीत. मग तुरिपा ओरडायला लागली. आयुष्यात कधी ओरडली नसेल अशी, सगळी गल्ली जागी होईल अशी.

"अरे गाढवा! तू नाही मारलंस मला! मीच आडवी आले! मला सांगायला उशीर झाला, माझी चूक आहे, तुझी नाही! डावा हात आहे ना माझा अजून! दिवा लाव, मेल्या! दिवा लाव म्हणजे सांगते तुला!"

समोर गुफ्रोनच्या घरातली हालचाल थांबली. पाक साक्रुन अंथरुणात उठून बसले. कडेच्या घरातलं तान्हं मूल जागं झालं, आणि त्याच्या आईने त्याला गप्प करत तिचा एकेक शब्द ऐकला. कुणीही तिला गप्प बस म्हणालं नाही. गल्लीतल्या प्रत्येक माणसाला तिने ते सांगितलं, पुन्हापुन्हा, घसा बसेपर्यंत. एकट्या दास्मुनला तेवढं ऐकू गेलं नाही.